काका, तो मासा सोडला असता तर?

काका,

टेक्सासमधल्या लेक फोर्क तलावावर मासे धरायला गेलो त्या सहलीच्या माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया मी जशीच्या तशी ठेवली आहे. इतरांसाठी तिचा मथितार्थ एवढाच: बर्फपेटीच्या फोटोत वीतभरही नसलेली पिल्लं दिसतात, सुधारलेल्या देशात लोक मासा पकडतात, फोटो काढतात आणि सोडून देतात, इकडे पापलेटाची पिल्लं मारू नका म्हणून सगळे कानीकपाळी ओरडत असताना मी, कोकणातली मुलगी, तिकडे जाऊन पिल्लांची कत्तल करते आणि वर लेकाला शिकवते. तो फोटो काढून टाकावा असंही तुम्ही सुचवलंय. ‘वडिलांच्या वयाचा आहे म्हणून स्पष्ट लिहितो’ असं शेवटी म्हणालात, तर मीही लेकीच्या हक्कानं स्पष्ट लिहिते.

ती पिल्लं पाण्यात परत सोडणं आम्ही गेलो त्या दिवसांत तिथे बेकायदा होतं.

टेक्सासमध्ये क्रॅपीचा (बर्फपेटीतला तो गोड्या पाण्यातला मासा) सर्वसाधारण नियम तुमच्या मनासारखाच आहे: 10 इंचांपेक्षा छोटा मासा परत, आणि माणशी दिवसाला 25 च्या वर नाही. लेक फोर्कवर मात्र 1 डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत हा लांबीचा नियम उठतो आणि त्याच्या जागी उलटा नियम येतो. गळाला लागलेली प्रत्येक क्रॅपी ठेवायची. बोटभर असो की हातभर, ती तुमच्या 25 मध्ये मोजली जाते, आणि 25 झाल्या की क्रॅपीपुरता गळ गुंडाळायचा. लेक ओ’ द पाइन्स या दुसऱ्या जलाशयालाही हाच नियम आहे. गेम वॉर्डनला, म्हणजे शिकार-मासेमारीचे नियम पाळायला लावणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, तुमची बर्फपेटी उघडून बघायचा अधिकार असतो, त्यामुळे हा नियम नुसता कागदावरचा नाही.

आता हा उफराटा वाटणारा नियम कशासाठी, ते सांगते, कारण तुमच्या सगळ्या रागाचं उत्तर त्यात आहे.

तुम्ही घोळीच्या बोताबद्दल ऐकलं असेलच. पालघरकडे एखाद्याच्या जाळ्यात घोळ आली की पेपरात बातमी येते, ती त्या बोतासाठी. बोत म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. तिच्या जोरावर मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर स्थिर राहतो. रोहू, कटला यांच्या पोटात या पिशवीतून अन्ननलिकेकडे जाणारी नळी असते. वर येताना ते हवा सोडून देऊ शकतात. क्रॅपीला ती नळी नसते. तिची पिशवी बंद. आतली हवा कमी करायची तर ती रक्तात शोषली जावी लागते, आणि त्याला वेळ लागतो, तासांच्या हिशेबातला.

हिवाळ्यात ही क्रॅपी उथळ पाणी सोडून खोल जाते. लेक फोर्क हा काही निसर्गानं दिलेला तलाव नाही. डॅलसच्या पूर्वेला, सबीन नदीला मिळणाऱ्या लेक फोर्क क्रीकवर धरण बांधून 1980 मध्ये तो अडवला. पाण्याखाली जाणाऱ्या भागातली बरीच झाडं मुद्दाम तोडली नाहीत, माशांना आसरा म्हणून. ती आजही पाण्यात उभी आहेत, बोट चालवताना जीव मुठीत धरायला लावतात. जानेवारीत क्रॅपीचे थवे या बुडालेल्या झाडांच्या खोडांशी, जुन्या ओढ्याच्या पात्राच्या कडेला, नाहीतर 154 नंबरच्या हायवेच्या पुलाखाली तीस-चाळीस फुटांवर लटकलेले असतात. साधारण 34 फूट खाली पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथून मासा अर्ध्या मिनिटात वर ओढला की बंद पिशवीतली हवा दुप्पट व्हायला बघते. जागा कुठे आहे पोटात? डोळे बाहेर येतात, कधी जठर उलटं होऊन तोंडातून डोकावतं. हे चित्र मी पोस्टमध्ये टाकलं नव्हतं, कारण सकाळी चहाबरोबर वाचणारी मंडळी आहेत. पण तुम्ही विचारलंत.

असा मासा तुम्ही प्रेमानं पाण्यात सोडलात तर तो खाली जाऊ शकत नाही. आडवा होऊन तरंगतो. हिवाळ्यात तिथे गल आणि पांढरे पेलिकन हे पक्षी असतातच, त्यांना आयतंच जेवण. जो एक कसाबसा बुडी मारून दिसेनासा होतो, त्याचं पुढे काय झालं ते सोडणाऱ्याला कळत नाही. त्याच्या मनात मात्र मासा वाचवल्याचं समाधान राहतं. आणि खरं नुकसान पुढेच आहे. सोडलेला मासा मोजला जात नाही. म्हणजे मोठे 25 मिळेपर्यंत एक माणूस दिवसभर छोटे मासे वर काढून ‘सोडत’ राहणार, आणि पेटीत 25 असले तरी त्याच्या हातून किती मेले याचा हिशेब कुठेच नाही. ‘सगळे ठेवा, 25 ला थांबा’ म्हटलं की तो हिशेब बंद होतो. काका, या तीन महिन्यांत तिथे सोडून देणं हे दयेचं सोंग आहे. थांबणं ही दया. तुम्हाला हे शब्द कडक वाटतील, पण मला तेवढेच योग्य वाटतात.

मार्चपासून 10 इंचांचा नियम परत लागतो, त्यालाही हेच कारण. पाणी तापायला लागलं की क्रॅपी अंडी घालायला काठाशी येते, चार-सहा फुटांत. तिथून काढलेला मासा सोडला तर आपल्या पायांनी, म्हणजे परांनी, घरी जातो. (खरी हळहळ करायचीच असेल तर तेव्हा करा. नर घरट्यावर राखण करत बसलेला असतो, अंगावर काळोखी चढलेली, हलत नाही बिचारा. आणि त्या दिवसांत सगळं टेक्सास गळ घेऊन काठावर उभं असतं.)

पापलेटाशी तुलना तुम्ही केलीत ती मनापासून, हे मला कळतं. 2023 मध्ये महाराष्ट्रानं पापलेटाला राज्यमासा केलं ते तो कमी होत चालला म्हणूनच. पण जलाशयातल्या क्रॅपीची अडचण बहुतेकदा उलटी असते. एकेका मादीची अंडी हजारोंच्या घरात. एखाद्या वर्षी पाणी आणि अन्न जमून आलं की तलाव पिल्लांनी गच्च भरतो, खाणं पुरत नाही, आणि मासे वाढायचेच थांबतात. छोट्या शेततळ्यात क्रॅपी सोडू नका, असं इथले मत्स्यतज्ज्ञ सांगतात ते याचसाठी. म्हणून फोटोतले सात इंची मासे काढल्यानं तलाव रिकामा होईल ही भीती मला नाही. ट्रॉलरच्या बारीक आसाच्या जाळ्याला शिव्या घालायच्या असतील तर मी तुमच्या पुढे उभी राहीन.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या जवळपास आहे, जरी तुम्ही तो मुद्दा ओझरताच काढलात: आमच्या गाईडच्या बोटीवरचा मासे दाखवणारा पडदा, म्हणजे स्क्रीन. 2018 च्या सुमारास गार्मिन कंपनीचा लाइव्हस्कोप हा ध्वनिलहरींवर चालणारा सोनार आला, आणि आता बोटीपुढच्या पाण्यातला एकेक मासा पडद्यावर हलताना दिसतो. गळ त्याच्या नाकासमोर सोडायचा. माझ्या आजोबांनी वेंगुर्ल्याच्या खाडीत अंदाजानं गरी टाकण्यात जन्म काढला. मला तो पडदा बघताना गरवणं कमी आणि औषधाच्या दुकानात बोट दाखवून गोळी मागणं जास्त वाटलं. यावर इथल्या मासे धरणाऱ्यांतच कडाक्याचं भांडण चालू आहे. पण बघा, पडदा आला म्हणून तर मोजून थांबायचा नियम आणखीच हवा.

या तलावाची एक गंमत सांगते. लेक फोर्कचं नाव क्रॅपीसाठी नाहीच, ते बास या मोठ्या माशासाठी. टेक्सासचा बासचा विक्रम 18.18 पौंडांचा. तो जानेवारी 1992 मध्ये बॅरी सेंट क्लेअर यांनी याच तलावात काढला, आणि ते बसले होते क्रॅपीसाठी, जिवंत मिनो मासळीचं आमिष लावून. 16 ते 24 इंचांमधला बास मात्र तिथे ठेवता येत नाही, सोडावाच लागतो. एकाच पाण्यात एक मासा ठेवायची सक्ती, दुसरा सोडायची. ‘सुधारलेले लोक सोडतात’ हे वाक्य म्हणून अपुरं पडतं.

मुलाला काय शिकवते? सतरा वर्षांखालच्यांना परवाना लागत नाही, पण 25 ची मर्यादा त्यालाही आहे, आणि त्याची मोजणी त्यानंच केली. काळी क्रॅपी कुठली, पांढरी कुठली हे पाठीवरच्या काट्यांवरून तो आता सांगतो: काळीला सात-आठ, पांढरीला पाच-सहा. माझा तीस डॉलरचा परवाना आणि गळ-रिळावरचा दहा टक्के केंद्रीय कर (कायदा 1950 चा) मत्स्यविभागाकडे जातो हेही त्याला सांगून झालंय, पण त्यात त्याला रस नव्हता.

आणि खाल्ले का? सगळे. पकडून खाण्याजोगा मासा वाया घालवणं हाही इथे गुन्हा. मोठ्यांचे काप काढले. छोटे खवले काढून, डोकं उडवून, चिरा देऊन, आगळ आणि मालवणी मसाला लावून रव्यात घोळवले आणि अख्खे तळले. क्रॅपीचं मांस पांढरं, मऊ, जरा सौम्य. आगळाशिवाय मला ते मिळमिळीत वाटतं. शेजारच्या टेक्सन आजी मक्याच्या पिठात तळतात, त्यांना माझा मसाला फार झाला.

फोटो राहील. कृती पुढच्या आठवड्यात टाकते, तीवर तुमची प्रतिक्रिया येईलच.