नव्या एअर रायफलच्या बॅरलवर आळ घेण्यापूर्वी

ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील याने 2022 मध्ये कैरो येथे 10 मीटर एअर रायफलचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे याने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले, तेव्हापासून मुंबई-ठाण्यातील अनेक घरांत मुलांसाठी नवी रायफल आली आहे. अशा घरांतील पालकांमध्ये सध्या व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरतो आहे, त्याचा आशय असा: नव्या रायफलचा ग्रुप (लक्ष्यावर पडलेल्या शॉटचा पुंजका) पसरत असेल तर पहिली हजार पेलेट (शिशाचे छर्रे) मारून होईपर्यंत बॅरल, म्हणजे नळी, ‘सुटलेली’, म्हणजे वापराने झिजून सरावलेली, नसते, तोवर दर सरावानंतर ते ब्रशने घासून तेल द्यावे, दाबाखालच्या हवेचा सिलिंडर कायम काठोकाठ भरलेला ठेवावा, बाजारातील सर्वांत महाग पेलेट वापरावीत, आणि एवढे करूनही नेम बसला नाही तर बॅरल सदोष समजून रायफल परत करावी. वरळीच्या रेंजवर मुलांना शिकवताना या सल्ल्याचे परिणाम मी जवळून पाहते आहे, म्हणून त्यातील प्रत्येक मुद्द्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा बॅरल ‘सुटण्याचा’. ही कल्पना मोठ्या बोअरच्या बंदुकांकडून आलेली आहे. तेथे तांब्याचे आवरण असलेली गोळी जळत्या दारूच्या दाबाने प्रचंड वेगाने नळीतून जाते, नळीच्या खडबडीत जागी तांबे चिकटून राहते, आणि त्यामुळे सुरुवातीच्या काही गोळ्यांनंतर नळी पुन्हापुन्हा साफ करण्याची पद्धत काही नेमबाज पाळतात. एअर रायफलमध्ये यातील काहीच घडत नाही. 4.5 मिलिमीटरचे मऊ शिशाचे पेलेट सेकंदाला साधारण 170 मीटर वेगाने जाते, दारू जळत नाही, तांब्याचा प्रश्नच नाही. एवढ्या मऊ धातूने पोलादी नळी झिजून ‘सुटेल’ ही अपेक्षाच चुकीची आहे. या समजुतीत एक कण सत्याचा आहे आणि तो मान्य केला पाहिजे: कारखान्यातून आलेल्या बॅरलमध्ये गंजरोधक तेलाचा अंश राहिलेला असू शकतो आणि नळीच्या आतील पृष्ठभागावर शिशाचा अतिशय पातळ थर बसेपर्यंत पहिले काही शॉट इकडेतिकडे जातात. तेल काढायला फेल्टच्या दोनचार सफाई-गोळ्या आणि थर बसायला वीस-तीस पेलेट पुरतात. हजार पेलेट म्हणजे पाचशेच्या दोन डब्या; तेवढा सराव कारण न शोधता करत राहिले तर दोष रायफलमध्ये असो वा उभे राहण्याच्या पद्धतीत, तो मुलाच्या अंगवळणी पडतो. मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

दुसरा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे. पेलेट नळीतून बाहेर पडताना त्याच्या मागची हवा सर्व बाजूंनी एकाच क्षणी सुटावी लागते, आणि त्यासाठी नळीच्या टोकाची कड, म्हणजे क्राउन, निर्दोष असावी लागते. धातूचा ब्रश पुढून आतबाहेर ओढला की त्याचा दांडा नेमका याच कडेवर घासतो. चांगले बॅरल ब्रशने बिघडवून नंतर त्यालाच सदोष ठरवल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. तेलाचे तर आणखी कठीण: स्प्रिंगच्या रायफलमध्ये ते हवा दाबली जाते त्या कप्प्यात, म्हणजे कॉम्प्रेशन चेंबरमध्ये, शिरले की हवेच्या दाबाने पेट घेते आणि प्रत्येक शॉटचा वेग वेगळा होतो, सिलिंडरच्या रायफलमध्ये 200 बार दाबाच्या हवेच्या वाटेत खनिज तेल जाणे हे अचूकतेपेक्षाही सुरक्षिततेच्या दृष्टीने वाईट आहे. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत गंजाची भीती खरी आहे, पण ती बहुतांशी बाहेरच्या पोलादी भागांना; तेथे तेलाचे किंचित ओले कापड फिरवावे आणि नळीच्या आत फक्त फेल्ट वापरावे. पावसाळ्यात रायफल सरावानंतर लगेच बंद पेटीत न ठेवता घरी आल्यावर पेटी उघडी ठेवून कोरडी होऊ द्यावी.

सिलिंडरचा मुद्दा आकडेमोडीनेच सोडवता येतो. स्पर्धेच्या रायफलमध्ये रेग्युलेटर असतो. सिलिंडरमधला दाब 200 बारवरून खाली येत असला तरी निर्मात्याने दिलेल्या किमान दाबापर्यंत रेग्युलेटर शॉटसाठी सारख्याच दाबाची हवा देतो. तरीही वेग थोडा बदलला असे धरू. 10 मीटर अंतर कापताना पेलेट सुमारे 17 मिलिमीटर खाली येते. वेग सेकंदाला 2 मीटरने कमी झाला तर हा फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी पडतो. आता लक्ष्याची मापे पाहा. 10 चा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा, प्रत्येक वर्तुळ त्रिज्येने अडीच मिलिमीटरने मोठे, आणि पेलेट स्वतः साडेचार मिलिमीटरचे असल्याने त्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत राहिला तर 10 मिळतात. ज्याचे शॉट 8 मध्ये जात आहेत त्याचे पेलेट केंद्रापासून पाच मिलिमीटरहून दूर पडते आहे, आणि दाबाच्या एवढ्याशा फरकाने तेवढे अंतर पडणार नाही. सिलिंडरवर कोरलेली मुदत आणि भरताना हवा कोरडी आहे की नाही, या दोन गोष्टी मात्र जरूर पाहाव्यात. मुंबईच्या जुलैमध्ये हातपंपाने भरलेल्या हवेबरोबर पाणीही आत जाते.

महाग पेलेटविषयी थोडक्यात. पेलेटच्या डोक्याचा व्यास 4.49 पासून 4.52 मिलिमीटरपर्यंत मिळतो आणि कोणत्या बॅरलला कोणता मानवेल हे किमतीवरून ठरत नाही. एकाच कंपनीच्या दोन बॅचेसमध्येही फरक पडतो. बहुतेक चांगल्या रायफलींच्या पेटीत कारखान्यात घेतलेल्या चाचणीचा छोटा कागद असतो, तो फेकू नये. नवे बॅरल शिकंज्यात घट्ट धरले असता काय करू शकते याचा तो पुरावा आहे. त्यानंतर दोन-तीन वेगवेगळ्या व्यासांची पेलेट आणून प्रत्येकाचे दहा शॉट टेकूवरून मारावेत. लोकलच्या गर्दीत पिशवीतून आदळलेल्या डबीतल्या पेलेटची मागची कड वाकलेली असते आणि जुनी पेलेट पांढुरकी पडलेली असतात. ती सरावाच्या वेळी बाजूला काढण्याची सवय मुलांना लावली पाहिजे.

आता शेवटचा आणि सर्वांत घातक मुद्दा, बॅरल सदोष समजण्याचा. गेल्या जुलैमध्ये डोंबिवलीहून एक वडील आपल्या अकरावीतल्या मुलीला घेऊन रेंजवर आले. “मॅडम, उद्याच रायफल परत पाठवतो आहे,” असे म्हणून त्यांनी कागदी लक्ष्य माझ्या हाती दिले. त्यावर दहापैकी सहा शॉट मधोमध होते आणि चार शॉट डावीकडे 8 मध्ये, पण तेही एकमेकांना चिकटून. पसरलेला ग्रुप आणि दोन वेगळे ग्रुप यांत फार फरक असतो. दोन ग्रुप दिसले की काहीतरी दोन जागांमध्ये हलते आहे असे समजावे. मी मागची साइट (नेम धरण्यासाठी डोळ्याजवळ बसवलेला भाग) अंगठा आणि तर्जनीत धरून अलगद दाबली, तर ती रेलवर केसभर सरकली, आणि रेलच्या काळ्या रंगावर तिच्या घासण्याने उमटलेली बारीक चकचकीत रेघ दिसली. “ही रेघ कालही होती,” मुलगी म्हणाली. अॅलन कीने दोन स्क्रू बसवले, पुढचे दहा शॉट एकाच ग्रुपमध्ये आले. स्टॉकला (रायफल हातात धरायच्या सांगाड्याला) धरणारे स्क्रू, पुढच्या साइटची कडी आणि खांद्याला टेकणारी बट प्लेट यांचीही हीच तपासणी करावी, मात्र स्क्रू निर्मात्याने सांगितल्याइतकेच आवळावेत, कारण अती आवळल्याने नवाच दोष निर्माण होतो.

तो एक ग्रुप झाला तरी काही शॉट 9 मध्ये जातच होते. तेव्हा रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून मी स्वतः दहा शॉट घेतले आणि ते सगळे एका फाटक्या छिद्रात गेले. उरलेला दोष स्टॉकच्या मापात होता: गाल टेकवायचा भाग, म्हणजे चीकपीस, खाली असल्याने मुलगी दर शॉटला मान वेगळी झुकवत होती आणि डोळा डायऑप्टरच्या, म्हणजे मागच्या साइटमधल्या बारीक छिद्राच्या, मधोमध येत नव्हता. रायफल एका बाजूला पाच अंश कलली तरी पेलेट सुमारे दीड मिलिमीटर बाजूला जाते, आणि हे कलणे दर शॉटला बदलत असेल तर ग्रुप आडवा पसरतो. उभा पसरलेला ग्रुप बहुधा श्वासाकडे किंवा खांद्यावर बदलणाऱ्या बट प्लेटकडे बोट दाखवतो. चीकपीस चार मिलिमीटर वर घेऊन तिला दोन आठवडे त्याच स्थितीत ड्राय फायर, म्हणजे पेलेट न भरता नेमबाजीचा सराव, करायला सांगितले. रायफल परत पाठवली गेली नाही.

बॅरल खरोखर खराब असू शकते, हेही नाकारता येत नाही. क्राउनवर भिंगाखाली चरा दिसला, किंवा सर्व स्क्रू पक्के असताना, टेकूवरून, तीन वेगवेगळ्या बॅचेसचे प्रत्येकी दहा शॉट कागदी लक्ष्यावर मारूनही प्रत्येक वेळी पेलेटच्या मध्यांमधले अंतर पाच मिलिमीटरच्या बाहेर गेले, तर ती कागदी लक्ष्ये, पेलेटच्या डब्यांवरचे बॅच क्रमांक आणि पेटीतला कारखान्याचा कागद एकत्र करून विक्रेत्याकडे जावे. चाचणीत एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावरच्या आकड्यांवर तक्रार उभी करू नये, कारण तेथली कागदाची पट्टी पुढे सरकली नाही तरीही आकडे चुकतात.