धानाला जमतं ते तुरीला का जमत नाही

झड लागली की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा गोषवारा असा: पाण्यातच ऑक्सिजन असतो, म्हणून साचलेल्या पाण्यात मुळं गुदमरत नाहीत. झाड मान टाकतं ते पाणी जास्त पिऊन. धान चार महिने पाण्यात राहतो, तशी सोयाबीन-तुरीलाही सवय लागते, चर काढण्यात मजुरी घालवू नका. आणि पिवळं पडलं की लगेच युरिया फेका.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आहे, पण तो हायड्रोजनशी बांधलेला. मुळाच्या श्वासाला त्याचा उपयोग शून्य. मुळाला लागतो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. तो 25 अंशाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम मावतो; एक लिटर हवेत 270 मिलिग्रॅमच्या आसपास असतो. शिवाय पाण्यातून तो हवेच्या मानाने सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. आपली काळी भारी जमीन भिजली की फुगते, मातीतल्या पोकळ्या बुजतात. आत अडकलेला ऑक्सिजन मुळं आणि जिवाणू एक-दोन दिवसांत संपवतात. मग मूळ ऑक्सिजनशिवायच साखर मोडायला लागतं. एरवी ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे, 30 च्या आसपास रेणू मिळतात, आता फक्त 2.

मान टाकण्याचं कारणही यातच आहे, आणि ते मेसेजच्या नेमकं उलट आहे. ऑक्सिजन संपला की मुळाच्या पेशीत आम्लता वाढते आणि पाणी आत घेणाऱ्या प्रथिनांच्या वाटा मिटतात. म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानेलं असतं. बोंडांनी लदलेली पऱ्हाटी (कपाशी), मध्ये उघाड, कडक ऊन आणि मग एकदम जोराचा पाऊस, की एक-दोन दिवसांत झाडं लोळतात. हाच तो आकस्मिक मर. त्यावर कोबाल्ट क्लोराइडची 10 पीपीएम फवारणी सांगतात, ती कोबाल्ट इथिलीन (ताणात झाडात वाढणारं वायुरूप संप्रेरक) तयार होणं रोखतं म्हणून.

आता धान. या मुद्द्यावर मेसेज लिहिणाऱ्याने बांधीत उतरून एक रोप उपटून पाहायला हवं होतं. भंडारा-गोंदियाकडे कुठंही पाहता येईल: चिखल काळपट, सडक्या अंड्यासारखा वास, आणि धुतलेल्या मुळांवर मात्र तांबूस गंजाचा लेप. चिखलातल्या विरघळलेल्या लोहाला गंज चढायला ऑक्सिजन लागतो, आणि तो चिखलात नाही. तो मुळातून बाहेर येतो. पानांतून उतरलेली हवा मुळाच्या आतल्या पोकळ्यांमधून टोकापर्यंत पोचते. मूळ आडवं कापून भिंगाखाली धरलं तर मधला गाभा, बाहेरची साल आणि दोहोंमध्ये मोठमोठ्या रिकाम्या जागा दिसतात. त्या जागी आधी पेशी होत्या. त्या ठरल्याप्रमाणे मरून वाट मोकळी करतात. चिखलात उभ्या धानाच्या मुळाला बाहेरून सुबेरिन या मेणचट पदार्थाचा थरही चढतो, म्हणजे हवा वाटेतच गळून न जाता टोकाशी जाते.

पेशी मरण्याचा इशारा देतं ते इथिलीनच. मुळांमध्ये तयार झालेला हा वायू एरवी मातीतून निसटतो, पाण्यात मात्र जागीच कोंडतो. दुसरा इशारा 2011 मध्ये उलगडला: ऑक्सिजन असेपर्यंत पेशी काही प्रथिनं सतत मोडत राहते, तो संपला की ती टिकतात आणि तगून राहण्याची जनुकं चालू करतात. ही यंत्रणा तुरीतही आहे. धोका तिलाही कळतो, पण धानासारखी आयती हवेची वाट तिच्या मुळात नसते. त्यात पाणी साचलं की फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूचा करपा येतो तो वेगळाच.

‘सवय’ अगदीच खोटी नाही, हेही सांगतो. मक्याच्या मुळांना आधी थोडा कमी ऑक्सिजन मिळाला तर पुढची पूर्ण कोंडी ती जरा जास्त वेळ सोसतात. सोयाबीनच्या पाण्यातल्या बुडख्याशी पांढरी, मऊ, सच्छिद्र ऊती फुगते, नवी मुळं फुटतात. पण हे व्हायला दिवस जातात, आणि तोवर जुनी मुळं आणि त्यांवरच्या नत्र बांधणाऱ्या गाठी कामातून जातात.

आणि धानाचीही हद्द आहे. शेंडा पाण्याखाली गेला की हवा घ्यायला पानच उरत नाही. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला आला तसा पूर आला, तर मुळातल्या पोकळ्या काय कामाच्या? त्यासाठी वेगळं जनुक लागतं, सब-1-ए. ओडिशाच्या एफआर-13-ए या देशी वाणातून आलेलं हे जनुक 2006 मध्ये ओळखलं गेलं आणि 2009 मध्ये ते असलेलं स्वर्णा-सब-1 हे धानाचं वाण भारतात प्रसारित झालं. हे वाण बुडाल्यावर वाढ थांबवून साखर वाचवतं आणि दोनेक आठवडे तग धरतं.

युरियाचं थोडक्यात. मुळाला अन्न ओढायला ऊर्जा लागते आणि तीच नाही. चिखलात जिवाणू नायट्रेटचा वायू करून उडवतात, बाकी वाहून जातं. द्यायचंच तर पाणी निघाल्यावर पानांवर 2 टक्के युरियाची फवारणी द्या, पानांना ऑक्सिजनची ददात नाही. वाफसा आला की डवरा फिरवा. सोयाबीन-तूर रुंद वरंबा-सरीवर असेल तर निम्मं काम पेरणीतच झालेलं असतं. नसेल तर उताराकडे चर काढा, फक्त पाणी शेजाऱ्याच्या धुऱ्यावर सोडू नका, नाहीतर पुढचा प्रतिवाद तहसीलमध्ये होईल.