वाघ सोडण्याआधीचं काम

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची पहिली वाघीण सह्याद्रीतल्या चांदोलीत आली, तेव्हापासून पाटण-शिराळ्याच्या प्रत्येक ग्रुपवर अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचं नाव निघतंय. एक बाजू म्हणते, तिकडे लांडगे सोडले, हरणं हलली, झाडं वाढली, नद्यांनी पात्रं बदलली. आपल्या लोकांनाच तेवढी समज नाही. दुसरी म्हणते, तिकडे माणसंच नाहीत, त्यांना परवडतं. आमच्या शेरडांच्या जिवावर वाघ कशाला? मी मोंटानातल्या बोझमनला राहतो, पार्कचं उत्तरेचं फाटक इथून दीड तासाच्या आत आहे. दोन्ही बाजूंनी जे यलोस्टोन रंगवलंय, ते इथे कुठेच नाही.

आधी नदीचं बघू. १९९५ आणि ९६ मिळून कॅनडातले ३१ लांडगे पार्कात आणले. तेव्हा उत्तर भागात एल्क, म्हणजे तिकडची मोठी हरणं, १९ हजारांच्या आसपास होते, २०१३ पर्यंत ते चार हजारांच्या खाली आले. हे एकट्या लांडग्यांनी केलेलं नाही. अस्वलं आणि कूगर (तिकडचं मोठं रानमांजर) वाढले होते, १९९६-९७ चा हिवाळा फार कडक गेला, मध्ये दुष्काळ पडला आणि पार्काच्या उत्तर फाटकाबाहेरच्या गार्डिनरच्या आसपास ऐन हिवाळ्यात एल्कची शिकारही चालू होती. ओढ्याकाठची विलोची झुडपं काही जागी उठली, बऱ्याच जागी नाही. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी वीस वर्षं कुंपणं घालून, कृत्रिम बांध घालून हे तपासलं. ओढे अडवून राहणाऱ्या बीव्हर या प्राण्याचे बांध गेले आणि जमिनीतलं पाणी खोल गेलं, की एल्कला बाहेर ठेवूनही विलो नीट वाढत नाही. शिकारी प्राणी आणला की जंगल आपोआप सुधारतं, हे इथेही झालेलं नाही.

सह्याद्रीत तर ते मुळीच होणार नाही. वाघाला आठवड्याला एक मोठं जनावर लागतं, म्हणजे वर्षाला पन्नासेक. कळप न घटता एवढी शिकार मिळायची तर एका वाघामागे पाचशेच्या आसपास खुरांची जनावरं हवीत. सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्याची चितळं चांदोलीकडे हलवली ती याच हिशेबाने. पण चितळाला मोकळं गवत लागतं. उठून गेलेल्या गावांच्या जुन्या शेतांत ते गवत आहे, आणि राखलं नाही तर त्यावर घाणेरी आणि रानमोडीचं तण चढतं. दरवर्षी ते फुलायच्या आत मुळासकट काढावं लागतं. नुसतं छाटलं तर पुढच्या पावसात दुपटीने फुटतं. वाघ येण्याची बातमी होते, गवत राखण्याची होत नाही. चितळ कमी पडलं की वाघ गोठ्याकडे वळणार, आणि मग दोष वाघाला.

आता इथे खरोखर काय केलं ते सांगतो. लांडगे आणून थेट सोडले नाहीत. लामार खोऱ्यात साधारण एकेक एकराचे पिंजरे उभे केले. दहा फूट उंच जाळी, वर आत झुकलेली दोन फुटांची पट्टी म्हणजे चढून उडी मारता येऊ नये, आणि तळाला जमिनीवर पसरलेली चार फुटांची जाळी म्हणजे उकरून निघता येऊ नये. आठ-दहा दिवसांनी मेलेले एल्क आत टाकायचे, तेही माणसाचं तोंड कमीत कमी दिसेल असं. घराची ओढ मोडायला सुमारे दहा आठवडे दिले. मार्चअखेर फाटक उघडलं तर लांडगे बाहेरच येईनात, कारण त्याच फाटकातून माणसं ये-जा करायची आणि ती जागा त्यांना धोक्याची वाटायची. शेवटी मागच्या बाजूची जाळी कापून बाहेर मांस ठेवलं. तेव्हा ते गेले. चांदोलीतही वाघिणीला आधी कुंपणात ठेवलं, हे बरोबरच झालं. तिथे घाई करा म्हणणाऱ्यांनी ही जाळी डोळ्यांसमोर आणावी.

लांडगे यायच्या कितीतरी आधी, १९८७ पासून, एका वन्यजीव संस्थेने मेलेल्या जनावरांची भरपाई सुरू केली होती. पुढे लांडगे सोडताना सरकारने नियमही केला: स्वतःच्या जमिनीवर लांडगा जनावर फाडताना दिसला तर मालक गोळी घालू शकतो, मात्र २४ तासांत कळवायचं. आपल्याकडे वाघावर गोळी चालणार नाही, चालूही नये. पण वाघ वारंवार गोठ्यावर येऊ लागला तर निर्णय कोण घेणार, किती दिवसांत घेणार, हे पहिल्या दिवसापासून गावाला माहीत असणं, एवढं तरी उचलता येईल.

भरपाईचा सगळा जीव पंचनाम्यात असतो. इथे तपासनीस येतो, मेलेल्या वासराची कातडी सोलतो. गळ्यावरच्या दातांच्या खुणांखाली रक्त साकळलेलं असेल तर जनावर जिवंत असताना धरलं. खुणा आहेत पण खाली रक्त नाही, तर ते आधीच मेलं होतं आणि नंतर कुणीतरी खाल्लं. सुळ्यांच्या भोकांमधलं अंतर मोजतात, त्यावरून प्राणी ठरतो. हे चोवीस तासांत झालं तर कळतं. आपल्या नियमात ४८ तासांत कळवायचं, मेलेलं जनावर हलवायचं नाही, आणि गाय-म्हैस असेल तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यांतली कमी रक्कम. कागदावर ठीक आहे. पण कोयनेच्या पावसात दोन दिवसांत कुत्री आणि रानडुकरं काय शिल्लक ठेवतात? वनरक्षक आला, डॉक्टर नाही. डॉक्टर आला तर सोलायला धारेची सुरी नाही. मग 'कारण अस्पष्ट' असा शेरा पडतो, आणि पैसे बुडाले की पुढच्या मेलेल्या म्हशीवर विष पडतं. वाघ रात्री आपल्या शिकारीवर परततो, म्हणून विष नेमकं लागू पडतं. राजस्थानातल्या सरिस्कात पुन्हा वसवलेला पहिला नर वाघ २०१० मध्ये विषानेच गेला.

'अमेरिकेतले लोक समजूतदार' असं म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं. लांडगे परत न्या म्हणून वायोमिंगमध्ये खटला चालला, १९९७ मध्ये न्यायाधीशाने हटवण्याचा आदेशही दिला, तो २००० साली अपिलात रद्द झाला. २०२१ मध्ये मोंटानाने पार्कालगतच्या शिकारीची मर्यादा काढली आणि त्या हंगामात पार्कातले २५ लांडगे सीमेबाहेर मेले. बायसनचं, म्हणजे तिकडच्या गव्यासारख्या जनावराचं, तर आजही मिटलेलं नाही. ब्रुसेलोसिस हा गाभ पाडणारा रोग गाईंना होईल या भीतीने हिवाळ्यात खाली उतरणारे कळप पार्काच्या हद्दीवरच्या स्टीफन्स क्रीकला कोंडायचे आणि कत्तलीला पाठवायचे. २००७-०८ मध्ये शिकारीसकट १६०० च्या आसपास गेले. रानटी बायसनकडून गाईंना रोग गेल्याची एकही नोंद नाही, एल्ककडून गेल्याच्या आहेत, आणि मुळात तो रोग गाईंनीच आणला. तरी भांडण बायसनशी, कारण एल्कच्या शिकारीत परवान्याचा पैसा आहे.

आणि 'तिकडे माणसंच नव्हती' हे तर सपशेल खोटं. १८७२ ला पार्क झाला तेव्हा तिथे टुकुडिका शोशोनी हे मूळचे आदिवासी राहत होते. त्यांना उठवलं, पुढे १८८६ पासून लष्कराने पहारा दिला, आणि पर्यटकांना सांगितलं की इथे कधी कोणी नव्हतंच. चांदोलीच्या लोकांची ही गत करू नका. आधी धरणाने आणि मग अभयारण्याने उठवलेली कुटुंबं सांगली-कोल्हापूरच्या पठारी वसाहतींत आजही जमिनीसाठी झगडतायत. वाघिणीच्या स्वागताचे फलक लावणाऱ्यांनी त्या वसाहतींत एक चक्कर मारावी.

उदाहरण हवंच असेल तर यलोस्टोनपेक्षा ओडिशातलं सातकोसिया जवळचं आहे. २०१८ मध्ये मध्य प्रदेशातून एक नर आणि एक मादी आणली. गावांना विश्वासात घेतलं नाही. नर काही महिन्यांत फासात अडकून मेला, वाघिणीवर माणसं मारल्याचा आरोप झाला, तिला धरलं आणि २०२१ मध्ये कान्हाला परत पाठवलं.

तिकडून बोलणं सोपं, असं मला ग्रुपवर सुनावतात. सोपं आहेच. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, गोठ्यातलं जनावर मात्र चुलतभावाचं, आणि रात्री कुत्री ओरडली की बॅटरी घेऊन तोच उठतो. मोंटानात मी कर भरतो पण मत देऊ शकत नाही. पाटणला मत आहे, पण ग्रामसभेत बसत नाही. बायसनवरच्या सुनावणीत इथले लोक माझ्याकडे पाहुण्यासारखं बघतात, आणि वाघावर बोललो की आपले लोक तसंच बघतात. मला सह्याद्रीत वाघ हवा आहे, इथल्या लांडग्यांपेक्षा कितीतरी जास्त हवा आहे, आणि त्याची किंमत माझ्या गोठ्यातून जाणार नाही, हे मला बोचतं.

म्हणून चुलतभावाने सभेत मागावं असं जे वाटतं ते लिहितो. ढेबेवाडी, मोरगिरी, हेळवाक, मणदूर या प्रत्येक ठिकाणी एक ठरलेला पशुवैद्य, सोलायच्या सुऱ्यांसह. मेलेल्या जनावरावर घालायला वनरक्षकाकडे ताडपत्री. गोठ्याला चारी बाजूंनी जाळी, वर छप्पर आणि आतून कडी. वाघाच्या कॉलरचा सिग्नल वस्तीजवळ आला की पोलीस पाटलाला फोन. आणि भरपाईचा आगाऊ निधी परिक्षेत्राच्या खात्यात, मंत्रालयात नव्हे. हे सगळं पहिली म्हैस मरायच्या आधी हवं.