वाढदिवस कुणाचा, कागद कशाचा

27 ऑक्टोबर 2025 रोजी ॲमस्टरडॅम 750 वर्षांचं झालं. म्हणजे काय, तर 1275 साली त्या तारखेला हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस याने ॲमस्टेल नदीवरच्या बंधाऱ्यापाशी राहणाऱ्या लोकांना जकात माफ केली. त्या माफीच्या कागदात या वस्तीचं नाव पहिल्यांदा सापडतं, म्हणून तो वाढदिवस. कुणी संस्थापक नाही, कुणाला दृष्टान्त झालेला नाही, घोड्यावर बसलेलं कुणी नाही. नुसती जकात!

मी याच शहरात राहते. मला याची गंमत वाटली, म्हणून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "आपल्या पुण्याचा वाढदिवस कधी असतो?" इथेच चुकलं.

काकांनी राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इसवी सन 758 चा ताम्रपट काढला. त्यात 'पुण्यविषय' असा उल्लेख आहे आणि विषय म्हणजे प्रांत. म्हणजे तुझ्या ॲमस्टरडॅमपेक्षा आम्ही पाचशे वर्षांनी थोरले. चुलतभाऊ म्हणाला, ते नुसतं नाव झालं. उजाड झालेलं गाव पुन्हा वसलं ते जिजाबाईंनी सोन्याचा नांगर फिरवला तेव्हा. मग नांगराच्या वेळी शेजारी कोण उभं होतं, हा प्रश्न आलाच. लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा महापालिकेने डिसेंबर 2010 मध्ये हटवला, तेव्हा याच प्रश्नावरून पुणे बंद झालं होतं. तिसऱ्याने शनिवारवाड्याच्या पायाभरणीची तारीख टाकली, 10 जानेवारी 1730. रात्रीपर्यंत दोघे ग्रुप सोडून गेले.

खरं तर काकांचा ताम्रपटही दानपत्रच आहे. कुणाला काय दिलं, त्याची नोंद. पुण्याचं नाव त्यात सरकारी पत्ता म्हणून आलंय, जसं इथे जकातीच्या कागदात आलं. दोन्ही लेखनिकांना आपण एखाद्या शहराचा जन्मदाखला लिहितोय याची कल्पना नसणार.

इथला सोहळा वर्षभर चालला. 21 जूनला तर शहराभोवतीचा ए-टेन हा महामार्ग गाड्यांना बंद करून त्यावरच जत्रा भरवली. मजा आली, पण असा रस्ता आपणही गणपतीत दरवर्षी बंद करतो, त्यात शिकण्यासारखं फार नाही. मला सांगायचंय ते त्याच वर्षातल्या 24 एप्रिलबद्दल. त्या दिवशी महापौर फेम्के हाल्सेमा यांनी नाझी काळातल्या महापालिकेच्या वागणुकीबद्दल ज्यू समाजाची जाहीर माफी मागितली. माफीसाठी जागा निवडली होती हॉलंड्से स्खाउबुर्ख, म्हणजे छळछावण्यांकडे पाठवण्याआधी ज्यूंना जिथे डांबलं जायचं ते नाट्यगृह. युद्धापूर्वी शहरात सुमारे 80,000 ज्यू होते, त्यातले 60,000 हून अधिक मारले गेले. त्यांना स्थानकांवर नेलं ते पालिकेच्या ट्रामने, आणि त्या फेऱ्यांचं भाडं पालिकेने जर्मनांकडून वसूल केलं. जकातमाफीच्या कागदाने सुरू झालेल्या शहराच्या दप्तरात ही बिलंही आहेत, आणि वाढदिवसाच्या वर्षात ती झाकून ठेवली नाहीत.

इथले लोक फार शहाणे आहेत, असं नाही. सतराव्या शतकासाठी वापरला जाणारा 'सुवर्णयुग' हा शब्द इथल्या शहर संग्रहालयाने 2019 मध्ये सोडला, तेव्हा आपल्याकडे होतो तसाच गदारोळ झाला. आणि 1975 चा सातशेवा वाढदिवस तर दंगलीत गेला. मेट्रोसाठी नीउमार्क्ट भागातली घरं पाडली जात होती, रहिवासी हटेनात, मार्चमध्ये पोलिसांशी रस्त्यावर चकमकी झाल्या. मेट्रो झालीच. पण नीउमार्क्ट स्थानकात उतरलात तर पाडापाडीची आठवण म्हणून भिंत फोडणारा लोखंडी गोळा आणि त्या दिवसांची छायाचित्रं दिसतात. ज्यांची घरं गेली, त्यांचा राग पालिकेने स्वतःच्या भिंतीवर टांगला.

पुण्याच्या मेट्रोत आपण काय टांगलं? डेक्कन आणि संभाजी उद्यान स्थानकांच्या माथ्याला मावळ्याच्या पगडीचा आकार दिला. दिसतो छान, मी सुट्टीत आले की मुलांना मुद्दाम दाखवते. पण त्याच मेट्रोसाठी कसब्यातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्यांची जागा सोडून गेली, त्यांचं काय? पगडीवर भांडण होणार नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. आपली सगळी भांडणं शहर 'कुणी' वसवलं यावर. शहराने कुणाचं काय केलं, यावर एकही बंद झालेला मला आठवत नाही. 1848 मध्ये जिथे फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, तो भिडे वाडा वर्षानुवर्षं ढासळत राहिला आणि शेवटी डिसेंबर 2023 मध्ये पाडून तिथे स्मारक करायचं ठरलं. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला. माझ्या आजीच्या बोलण्यात काळाचे दोनच भाग होते, पुराआधी आणि पुरानंतर. पुण्याचा वाढदिवस कुठलाही धरा, 758 किंवा 1730, त्या कार्यक्रमपत्रिकेत 12 जुलै हवाच.

तिकडे बसून बोलायला काय जातं, हे चुलतभावाने ऐकवलंच. बरोबर आहे. सतरा वर्षं मी पुण्यात कर भरलेला नाही. तरीही मी चिकाटीने लिहिलं की, कसबा पेठ स्थानकात एक भिंत त्या हललेल्या घरांच्या फोटोंना द्यावी, ज्यात दारावरची पाटी, नळकोंडाळं, जिन्यात बसलेली म्हातारी माणसं दिसतील. काकांचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं.

"भिंत देतील. आधी बाहेर स्कूटर लावायला जागा द्या म्हणावं."