पूररेषा, हप्ता आणि खरेदीखत

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांच्या दोन मागण्या एका दमात पुढे आल्या: वाशिष्ठी नदीतला गाळ काढा, आणि निळ्या-लाल पूररेषा रद्द करा. गाळाची मागणी रास्तच, त्यासाठी लोक साखळी उपोषणाला बसले. दुसरी मात्र मला पटत नाही. मी राहते टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन काउंटीत, मेक्सिकोच्या आखाताच्या काठावर. इथे घर घेताना आधी पाण्याचा हिशेब मांडावा लागतो.

आपल्याकडे पूररेषेचा अर्थ एवढाच उरलाय की बांधकामाला परवानगी मिळणार की नाही. निळीच्या आत बंदी, निळी आणि लाल यांच्या मध्ये अटी. जुनी इमारत मोडकळीला आलीय, पुनर्विकास अडकलाय, म्हणून रेषा हलवा. हे चिपळूणला ऐकू येतं तसं पुण्यातही. अडकलेल्यांचा राग मला कळतो. पण त्याच रेषेत घर विकत घेणाऱ्यासाठी जी माहिती आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. निळी रेषा २५ वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, म्हणजे दर वर्षी ४ टक्के शक्यता. २० वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता होते जवळजवळ ५६ टक्के. लाल रेषेच्या, शंभर वर्षांच्या पुरालाही त्या मुदतीत १८ टक्के. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हटलं की लोकांना वाटतं, आपल्या वाट्याचा येऊन गेला, आता पणतवंडं बघतील.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेलाच नसतो. आमच्या किनाऱ्याच्या पट्ट्यात बऱ्याचदा वादळी वाराही त्यात नसतो. म्हणजे घर एक आणि पॉलिसी तीन. छप्पर उडून वरून पाणी आलं तर एका कंपनीकडे जायचं, जमिनीवरून आत शिरलं तर दुसरीकडे. २००८ च्या आयक वादळात बोलिव्हार द्वीपकल्पावर कित्येक घरांचा नुसता सिमेंटचा चौथरा उरला. ती वाऱ्याने पाडली की पाण्याने, यावर मालक आणि विमावाले भांडत राहिले. घरच उरलं नाही, तिथे पुरावा आणायचा कुठून?

पुराचा विमा मुख्यतः अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या १९६८ च्या योजनेतून मिळतो. घराच्या इमारतीला कमाल अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख. पॉलिसी घेतल्यावर साधारणपणे ३० दिवस ती लागू होत नाही, त्यामुळे वादळ आखातात शिरल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो. जोखमीच्या मानाने हप्ते वर्षानुवर्षं कमी ठेवल्यामुळे योजना कर्जात बुडाली. २०१७ मध्ये संसदेने १६ अब्ज डॉलर माफ केले, तरी २० अब्जांच्या वर कर्ज उरलंच. पूरग्रस्तांना स्वस्तात पुन्हा तिथेच घर बांधू देणारी ही व्यवस्था आपण उचलून नेऊ नये.

पूररेषांच्या नकाशाचाही इथे फज्जा उडालाय. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाने काही ठिकाणी चार-पाच दिवसांत दीड हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पाडला. कोकणी माणसाला हा आकडा अर्ध्या पावसाळ्याचा म्हणून ओळखीचा वाटेल, आठवड्याचा म्हणून नाही. शेजारच्या हॅरिस काउंटीत दीड लाखाहून जास्त घरांत पाणी शिरलं आणि त्यातली बहुतेक घरं शंभर वर्षांच्या पुराच्या रेषेबाहेर होती. रेषेच्या आत घर असलं आणि केंद्र सरकारशी जोडलेलं कर्ज असलं, तर बँक विमा घ्यायलाच लावते. बाहेरच्यांनी ‘बँक मागत नाही, म्हणजे धोका नाही’ असा अर्थ काढला होता. ह्यूस्टनच्या पश्चिमेला अ‍ॅडिक्स आणि बार्कर या १९४० च्या दशकातल्या पूरनियंत्रण धरणांच्या पाणफुगवट्याच्या जागेत चक्क वसाहती उभ्या होत्या. आपलं घर धरणाच्या पोटात आहे हे कित्येकांना पाणी आल्यावर कळलं. कोळकेवाडी धरणाच्या पाण्यावरून चिपळूणला वादावादी झाली, तेव्हा मला हे आठवलं नसतं तर नवल.

यातून टेक्सासने केलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सप्टेंबर २०१९ पासून घर विकणाऱ्याला छापील फॉर्मवर लिहून द्यावं लागतं: घरात पूर्वी पुराचं पाणी आलंय का, घर शंभर किंवा पाचशे वर्षांच्या पूरक्षेत्रात आहे का, धरणाच्या फुगवट्यात आहे का, पुराची भरपाई मागितली होती का. शिवाय २०२१ पासून सरकारी विम्याचा हप्ता नुसत्या रेषेच्या आत-बाहेरवर ठरत नाही. जोत्याची उंची, पाण्यापासूनचं अंतर, घर पुन्हा बांधायचा खर्च असं सगळं धरतात. शेजारी-शेजारी घरं, पण एकाचं जोतं चार फूट उंच असलं तर हप्त्यात फरक दिसतो.

विम्याच्या बाबतीत खरं तर भारतात सोय जास्त चांगली आहे, हे तिकडे सांगितलं की कुणी विश्वास ठेवत नाही. एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच साच्याची पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते. तिच्यात आग, भूकंप, वादळ, पूर, दरड सगळं एकत्र. विम्याची रक्कम जागेच्या बाजारभावावर नाही, घर पुन्हा बांधायच्या खर्चावर. सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप. वारा की पाणी हा घोळच नाही. आपण गाडीचा विमा न चुकता भरतो, कारण पोलीस अडवतो; घराचा विचारायला कुणी येत नाही. मग पूर आला की पंचनाम्याची वाट बघायची.

म्हणून रेषा पुसण्याऐवजी ती खरेदीखतात आणा, असं माझं म्हणणं आहे. निळी, लाल की दोन्हींच्या बाहेर, आणि २००५ किंवा २०२१ च्या पुरात पाणी किती फूट चढलं होतं, हे विकणाऱ्याने सही करून लिहावं. बिल्डरनेही. यावर माझ्या माहेरच्यांचा आक्षेप ठरलेला: ‘मग आमच्या जागेला भाव कोण देणार?’ भाव पडेल, हे खरंच आहे. आज तो टिकतो तो पुढच्या गिऱ्हाइकाला काही न सांगितल्यामुळे. पिढ्यान्‌पिढ्या बाजारपेठेत राहिलेल्यांना त्याची झळ एकट्याने सोसायला लावू नये. हॅरिस काउंटी वारंवार बुडणारी घरं मालकाच्या राजीखुशीने विकत घेऊन ती जमीन मोकळी ठेवते, तसा पैसा महाराष्ट्र सरकारनेही काढावा. चिपळूणच्या बाजारपेठेतली सगळी दुकानं अशी उचलता येणार नाहीत, पण नदीला खेटलेल्या पहिल्या रांगेपासून सुरुवात करायला काय हरकत आहे?