बेडकांचा कळवळा आणि तारेचं कुंपण

परवा ग्रुपवर फोटो आला, सासवडकडच्या एका पाझर तलावाच्या काठावर चरणारी मेंढरं. खाली चाळीसेक कमेंट. धनगरांना हाकला, कुंपण घाला, बेडूक वाचवा. लिहिणारे बहुतेक कोथरूड-बाणेरचे. मीही कोथरूडचाच, आणि पाच वर्षांपूर्वी मीही हेच लिहिलं असतं.

पण जून-जुलैत त्या काठावर टॉर्च घेऊन रात्री काढल्यात, म्हणून बोलतो. मेंढरू पाण्यात शिरत नाही. कडेला तोंड लावतं आणि मागं फिरतं. डुंबायला उतरतात त्या म्हशी, आणि त्या असतात गावातल्याच गोठ्यांमधल्या. बेडकांची अंडी उथळ पाण्यात, लव्हाळ्याच्या आडोशाला. खूर पडतात ते नेमके तिथंच. वर शेण-मूत. अमेरिकेत टेनेसीमध्ये तपासलं तेव्हा गुरं उतरणाऱ्या तळ्यांचं पाणी जास्त गढूळ, त्यात प्राणवायू कमी आणि टॅडपोलही, म्हणजे बेडकांची शेपटीवाली पिल्लं, कमी निघाले. आपल्याकडं आणखी एक गंमत, खरं तर गंमत कसली. खुरांच्या खड्ड्यांत पाणी साचतं, त्यात नखाएवढे बेडूक अंडी घालतात आणि पावसानं आठवडाभर दडी मारली की खड्डा पिल्लांसकट सुकून जातो.

म्हणजे नुकसान आहेच. पण म्हणून कायमचं कुंपण? राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी-उद्यानात १९८२ मध्ये चराई बंद केली. विरोध झाला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. आणि पुढं काय, तर म्हशी खायच्या ते पास्पालम गवत इतकं माजलं की उघडं पाणीच दिसेना. कॅलिफोर्नियातल्या हंगामी डबक्यांचंही तेच. चराई थांबवली तिथं गवत वाढलं आणि डबकी लवकर आटायला लागली. टॅडपोलला पाय फुटायला महिनाभर तरी पाणी टिकावं लागतं, ते आधीच आटलं तर कुंपणाचा उपयोग काय?

सासवडकडच्या त्या तलावावरच्या एका धनगर म्हातारबांना विचारलं, तर म्हणाले, "सायेब, आमी दसरा झाला की कोकणात उतरतो. तवर एक कड सोडा म्हनला तर सोडू की. पन इचारतंय कोन?"

मला एवढंच पुरेसं वाटतं. मृगापासून पोळ्यापर्यंत उथळ बाजूला बाभळीच्या फेसाट्या, म्हणजे काटेरी फांद्या, लावायच्या, म्हशींना खोल बाजूनं वाट ठेवायची. पोळ्यानंतर फेसाट्या काढायच्या, चरू दे. परवाचा फोटो तर भादव्यातला, तोवर बहुतेक पिल्लं पाण्याबाहेर पडलेली असतात.

त्याच फोटोत मागं प्लॉटिंगचा बोर्ड दिसतोय, आणि तलावाच्या ओढ्यात ओतलेला मुरूम. त्यावर एकाचीही कमेंट नाही.