शॉकप्रूफ? कुठल्या बाजूच्या दणक्याला, ते आधी सांगा!

बंदुकीवरचा आणखी एक स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, गेला. क्रॉसहेअरची, म्हणजे आतल्या नेमाच्या फुलीची, उभी तार तिरकी झालीय, हलवला की आत काहीतरी खुळखुळतंय, आणि डब्यावर सोनेरी अक्षरांत छापलेलं तसंच आहे: शॉकप्रूफ, वॉटरप्रूफ, फॉगप्रूफ. हा डबा समोर ठेवूनच लिहायला बसलोय.

बंदूक माझी साधी. स्प्रिंगची, नळी मोडून कॉक करायची, ४.५ मिलिमीटर छऱ्याची, छऱ्याचा जोर २० ज्यूलच्या आत. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हिला परवाना लागत नाही. उसाच्या बांधाला मातीचा मोठा ढीग घातलाय, त्यावर कागद लावायचे आणि २५ मीटरवरून मारायचे, एवढाच नाद. शिकार नाही, आणि कुणी विचारूही नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती बंद आहे आणि बंदच राहावी. दाजीपूरचं रान एके काळी संस्थानचं शिकारीचं रान होतं, १९५८ ला त्याचं अभयारण्य झालं, आज तिथं गवा निवांत चरतोय, याचा कोल्हापूरकर म्हणून मला अभिमान आहे. माझा राग आहे तो दुकानदार शिकारीच्या नावावर आमच्या गळ्यात जे मारतात त्यावर.

"अण्णा, हा स्कोप आफ्रिकेत हत्ती मारायच्या रायफलीवर चालतोय. तुमच्या छऱ्याच्या बंदुकीनं त्याला काय हुतंय?"

हे वाक्य मी या गावात ज्या ज्या काउंटरवर उभा राहिलो तिथं ऐकलंय. शब्द थोडे इकडंतिकडं, पण गाभा हाच. आणि ते ऐकायला पटतंय, हीच चीड आहे. .३७५ हॉलंड अँड हॉलंड हे काडतूस १९१२ पासून आफ्रिकेत चालतंय. चार किलोची रायफल धरली तर खांद्यावर ५० ज्यूलच्या आसपास दणका बसतो. आमचा तर छर्राच २० ज्यूलच्या आतला, बंदुकीचा धक्का त्याहून कितीतरी कमी. मग हत्तीच्या रायफलीला टिकलेला स्कोप आमच्या बंदुकीवर जन्मभर टिकेल असं कुणालाही वाटेल. गिऱ्हाईक मान डोलावतं, पैसे मोजतं आणि घरी जातं. थोड्याच दिवसांत झिरो, म्हणजे स्कोपचा जुळवून ठेवलेला नेम, हलायला लागतो, आणि ते बिचारं आपलाच नेम बिघडला म्हणून स्वतःला दोष देत बसतं.

नेम बिघडलेला नसतो हो! स्कोप आतून सुटलेला असतो.

काडतुसाच्या रायफलीचा दणका एकाच बाजूला असतो, मागं. रायफल मागं येते, स्कोपमधली भिंगं जडत्वानं आहेत तिथंच राहू बघतात, म्हणजे पुढच्या बाजूला रेटतात. बनवणाऱ्यानं तिकडून आधार दिला की काम झालं. पण स्प्रिंगच्या बंदुकीचं तसं नाही. घोडा ओढला की जड पिस्टन पुढं सुटतो, बंदूक मागं येते. मग पिस्टन सिलिंडरच्या टोकाला दाबलेल्या हवेवर जाऊन थांबतो आणि तीच बंदूक झटक्यात पुढं जाते. मागं आणि लगेच पुढं, पापणी लवायच्या आत. हा दुसरा उलटा दणका खांद्याला नीट जाणवतही नाही, पण स्कोप त्यानंच मरतो. भिंगं आता मागच्या बाजूला रेटतात, आणि तिकडून आधार देण्याचा विचार कुणी केलेलाच नसतो. पैलवानाला समोरून रेटा सोसायला तयार करायचं आणि मागून टांग मारायची, असा हा प्रकार. म्हणून .४५८ विंचेस्टर मॅग्नमसारख्या दणकट रायफलीवर ठणठणीत राहिलेला स्कोप आमच्या छऱ्याच्या बंदुकीवर मोडू शकतो. जगभरच्या एअरगनवाल्यांना ही गोष्ट कधीपासून ठाऊक आहे. आमच्या काउंटरवरच्या माणसाला ठाऊक नसेल तर त्यानं हा धंदा करू नये, आणि ठाऊक असून तो सांगत नसेल तर त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

माझं अर्धं आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलंय. स्कोप मेला की मी तो फेकत नाही, उघडून बघतो. आत एक लहान नळी असते, इरेक्टर ट्यूब. तिच्यात उलटी प्रतिमा सुलटी करणारी भिंगं बसवलेली असतात. वरची आणि बाजूची टरेट, म्हणजे नेम जुळवायची बटणं, फिरवली की ही नळी सरकते, आणि समोरच्या बाजूनं एक स्प्रिंग तिला टरेटच्या स्क्रूवर दाबून धरते. सगळा झिरो त्या एका स्प्रिंगच्या जिवावर. स्वस्त मालात ती इतकी पातळ पट्टी असते की दोन बोटांत वाकते. भिंगं अडकवायच्या रिंगा आट्यांवर नुसत्या फिरवलेल्या, चिकटवायला लॉकटाइटचा थेंबसुद्धा नाही. त्या दणक्यानं हळूहळू सुटणार नाहीत तर काय! तारेचा क्रॉसहेअर दोन्ही टोकांना कसाबसा चिकटवलेला. काचेवर कोरलेला असता तर निदान तार तुटायचं भय नव्हतं. आमच्या पोरांनी लेथवर असला जॉब काढला तर इन्स्पेक्शनवाला परत पाठवतो. हायड्रोलिकच्या पार्टात दहा मायक्रॉनवरून भांडणारं हे गाव, आणि हा माल इथंच बिनबोभाट खपतोय.

त्यात आता नवीन फॅड निघालंय. डब्यावर लिहायचं, "१००० जी टेस्टेड". अरे बाबा, जी म्हणजे नुसतं त्वरण. ते किती वेळ टिकलं, कुठल्या बाजूला लागलं, किती वेळा लागलं, यातलं काहीच सांगितलं नाही तर त्या हजाराला काय अर्थ आहे? वॉटरप्रूफला निदान आयपीएक्स७ सारखं माप आहे, एक मीटर पाण्यात अर्धा तास. शॉकप्रूफ या शब्दामागं डब्यावर कुठलंच माप नसतं. छापखान्यात एक ओळ वाढवली की झाला स्कोप शॉकप्रूफ.

ऑनलाइन बघावं तर पाच-पाच तारे. त्यातले निम्मे डबा उघडल्याच्या दिवशी दिलेले, "पॅकिंग चांगलं आहे, डिलिव्हरी वेळेत". उरलेले पीसीपीवाल्यांचे. पीसीपी बंदुकीत आधीच दाबून भरून ठेवलेली हवा सुटते, जड पिस्टन नसतो, धक्का जवळपास नसतोच. त्यावर खेळण्यातली दुर्बीण लावली तरी टिकेल. दुकानात पण "आमच्याकडं चालवून बघितलाय" म्हणतात तेव्हा एकच विचारा, कशावर चालवून बघितलाय? उत्तर मिळत नाही, चहा मागवतात.

मोठ्या रायफलीवाल्यांचं तरी भलं करतात काय? माझ्या एका मित्राकडं वडिलांच्या वेळची लायसन्सची .३०-०६ काडतुसाची रायफल आहे. रेंजवर मारायला म्हणून त्याला स्कोप हवा होता. जड दणक्याच्या रायफलीला काय लागतं, ते जगात सगळ्यांना माहीत आहे: वजनाला हलका, कमी पॉवरचा, भिंगापासून डोळा निदान साडेतीन-चार इंच लांब ठेवता येईल असा. आफ्रिकेतले लोक हत्ती-रेड्याच्या रायफलीवर १.५-५x२० (दीड ते पाच पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग २० मिलिमीटरचं) असलाच बारका स्कोप लावत आलेत, कारण स्कोप जितका जड तितका दणक्याचा भार रिंगांवर आणि आतल्या भागांवर जास्त. आणि या पठ्ठ्याला काउंटरवरून दिला काय? ६-२४x५०. पाऊण किलोच्या घरातला ठोकळा, आणि डोळ्याला अंतर जेमतेम तीन इंच. पहिल्याच गोळीला मागची कड भुवईत घुसली, टाके पडले. वर दुकानदाराचं म्हणणं, "तुमी बंदूक सैल धरला आसणार." माणसाच्या डोळ्याशी खेळ आहे हा! जरा खाली लागला असता तर?

स्कोप बंदुकीवर बसवायच्या माउंटचीही तीच बोंब. पिस्टन थांबल्यावर बंदूक पुढं जाते, स्कोप जागेवर राहू बघतो, म्हणजे बंदुकीवरच्या रेलवर, माउंट अडकवायच्या खाचेत, तो मागं सरकतो. काडतुसाच्या रायफलीच्या बरोब्बर उलटं. म्हणून स्प्रिंगच्या बंदुकीला सलग एका तुकड्याचा माउंट पाहिजे आणि त्याला खाली स्टॉप पिन पाहिजे, रेलच्या भोकात बसणारी. फुकट म्हणून डब्यात दोन सुट्या रिंगा टाकतात, त्यांना पिन नाहीच, आणि स्क्रू इतके मऊ की अॅलन की एकदा जोरात फिरवली की डोकं गोल. मग माणूस स्कोप सरकू नये म्हणून रिंगा जीव खाऊन आवळतो आणि एक इंची नळीला खड्डा पाडतो. रिंगांना साधारण दोन न्यूटन मीटर एवढाच टॉर्क पुरतो, हे कागदावर लिहून द्यायला कितीसा खर्च येतो? शेवटी मी स्वतः माउंटला भोक मारून कडक पिन ठोकली, तेव्हा सरकायचं थांबलं. ज्याच्याकडं लेथ नाही त्यानं काय करायचं?

आणि नळी मोडायच्या बंदुकीत नळी बहुतेक वेळा जरा खाली झुकलेली असते, हे सांगतो कोण? छर्रा खाली लागतो, माणूस वरचं टरेट फिरवत फिरवत टोकाला नेतो, तिथं आतल्या नळीवरचा स्प्रिंगचा दाब ढिला पडतो आणि झिरो भटकायला लागतो. उपाय साधा आहे. मागच्या रिंगेखाली पातळ पत्री घाला नाहीतर उताराचा माउंट वापरा, म्हणजे टरेट मधोमध राहतं. पॅरॅलॅक्सचं तसंच. काडतुसाच्या स्कोपचा पॅरॅलॅक्स बहुधा १०० यार्डांवर बांधलेला असतो. आम्ही मारतो २५ मीटरवर, तिथं चित्र धुरकट आणि डोकं जरा हललं की क्रॉसहेअर कागदावर फिरतोय. पुढं फिरवायची रिंग असलेला, १० यार्डांपर्यंत जुळणारा स्कोप पाहिजे. विचारलं तर म्हणतात, "ते काय एवढं लागत न्हाई." लागतं! टरेटची पाव एमओएची (एमओए हे कोनाचं बारीक माप) एक क्लिक २५ मीटरवर पावणेदोन-दोन मिलिमीटर सरकते. तेवढ्यासाठी तर आम्ही स्कोप घेतो.

फॉगप्रूफचं सांगतो. कोल्हापूरचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. आत नायट्रोजन भरलेला असेल आणि सील धड असतील तर धुकं आत धरत नाही. माझ्या मागच्या स्कोपला पहिल्याच पावसाळ्यात आतून धुकं धरलं आणि दिवाळीपर्यंत भिंगावर बुरशीची जाळी. नायट्रोजन नव्हताच, कोंडलेली दमट हवा होती.

सगळ्यात जास्त पित्त खवळतं ते पोरांवरून. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण आणलं, आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुण मारून ब्राँझ जिंकलं. तेव्हापासून गारगोटीपासून कागलपर्यंतचे बाप पोराला घेऊन दुकानात येतात. आणि त्यांना विकतात काय? स्प्रिंगची बंदूक आणि वर स्कोप, "पोरगं स्वप्नीलसारखं मारंल" म्हणून. अहो, १० मीटरच्या एअर रायफल मॅचला दुर्बीण चालतच नाही! ५० मीटरलाही नाही. तिथं पीप साइट असते, बारीक भोकातून नेम धरायची, आणि १० मीटरला ती पोरं दाबलेल्या हवेच्या बिनधक्क्याच्या रायफली वापरतात. त्या बापानं दुधाच्या पगारातनं पैसे बाजूला काढलेले असतात. त्यानं आधी एखाद्या कोचला जाऊन विचारलं असतं तर पैसे वाचले असते, पण त्याला हे माहीत असायचं कारणच नाही. विकणाऱ्याला आहे.

आता परवाचं. मी मेलेला स्कोप, पावती, डबा घेऊन दुकानात गेलो. मालकानं स्कोप हलवून बघितला, खुळखुळ ऐकली, वॉरंटीचं कार्ड काढलं आणि सगळ्यात खालची बारीक अक्षरं बोटानं दाखवली. स्प्रिंगच्या एअरगनवर वापरल्यास वॉरंटी लागू नाही.

म्हणजे यांना माहीत आहे! उलट्या दणक्यानं स्कोप मरतो हे बनवणाऱ्याला माहीत आहे, कार्ड छापणाऱ्याला माहीत आहे आणि ती ओळ न शोधता बोट ठेवणाऱ्या दुकानदारालाही माहीत आहे. विकताना "छऱ्याच्या बंदुकीनं काय हुतंय" आणि परत आणला की "छऱ्याच्या बंदुकीवर का लावला?" मी त्याला म्हटलं, "शेठ, बंदूक तुमच्याच दुकानातली, स्कोप तुम्हीच त्यावर बसवून दिलाय, बिलात दोन्ही एकत्र आहेत." त्यावर गप्प. मग म्हणाला, "तुमचा आमचा संबंध हाय, नवीन घ्या, थोडं कमी करतो." कमी नको मला. जे विकलंत ते धड विका.

एअरगनसाठी दोन्ही बाजूंनी बांधलेले स्कोप जगात मिळतात. महाग आहेत, पण मिळतात, आणि डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. ज्याच्यावर लिहिलेलं नाही तो घेऊ नका. दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या: स्प्रिंग एअरगनसाठी योग्य, सही, शिक्का. लिहून देणार नाही म्हणाला की तुम्हाला उत्तर मिळालं, पायऱ्या उतरा. तोंडी शब्दावर एक रुपया ठेवू नका.

माझ्यापुरतं ठरलंय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात स्पष्ट दिलेली आहे, जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. डब्याचे चारही बाजूंनी फोटो काढलेत, वॉरंटी कार्डाची ती ओळ मोठी करून छापलीय, उघडलेल्या स्कोपचे भाग पिशवीत बांधलेत. आधी दुकानदाराला स्पीड पोस्टानं नोटीस, मग ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर नोंद, आणि तरी ऐकलं नाही तर आयोग. ज्यांचे ज्यांचे स्कोप असेच गेलेत त्यांनी पावत्या फेकू नका.